पाच पानांचा बेल

एका गावात एक भोळा जावई होता. सटवा त्याचं नाव. भोळा हा आपला चांगला शब्द. गाव त्याला काय म्हणायचं ते पोराबाळांपुढं नको.

त्याची बायको सगुणा नागपंचमीला माहेरी गेली, ती सासऱ्यानं परत धाडलीच नाही. सासऱ्याचा जुना नवस होता, महादेवाला पाच पानांचा बेल वाहायचा. आता बेलाच्या एका देठाला पानं तीन, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पाचाचा देठ शोधता शोधता माणसाचे केस पिकतात. सासऱ्याचे पिकलेच होते.

सासरा म्हणाला, "जावईबापू, एका देठाला पाच पानं दाखवा, आणि बायको घेऊन जा."

सटवानं सुई-दोरा काढला. तीन पानांच्या देठाला आणखी दोन टाचली आणि हजर झाला.

सासरा भडकला. "अरे, शिवलेलं कधी देवाच्या कामाला चालतं का?"

"नाही चालत," सटवा म्हणाला. शहाणपण गाठीला बांधलं. दुसऱ्या दिवशी देवाच्या कामाला निघताना सदरा काढला, चड्डी काढली. दोन्ही शिवलेली. नुसत्या लंगोटीवर देवळापुढच्या बेलाखाली जाऊन उभा! बाया तोंडाला पदर लावून पळाल्या.

सासरा धावत आला. "लाज विकून खाल्लीस का? चारचौघांत उभं राहायचं तर आधी अंग झाकावं!"

"झाकावं की." तिसऱ्या दिवशी सटवा सदरा-बिदरा घालून आला. बघतो तर बेलाचं झाड चारचौघांत उघडंच उभं. त्याला फार वाईट वाटलं. घरून सगुणेचं नवं लुगडं आणलं आणि झाडाला गुंडाळलं. बेलाला काटे असतात. लुगड्याची चाळण झाली.

सगुणा रडकुंडीला आली. "अवो, मला न्यायचंय ना घरी? मग एखाद्या जाणत्याला विचारा, आणि तो सांगेल तस्सं करा."

सटवा गुरवाकडे गेला. गुरव देवाच्या रोजच्या पूजेचा बेल काढत होता. त्याला वाटलं, आयताच मदतीला आला.

"बेल कसा बघायचा?" सटवानं विचारलं.

"एकेक देठ निरखायचा. तीन पानं नीट हवीत. कीड दिसली, जास्तीचं काही फुटलेलं दिसलं, की खुडून टाकायचं. देवाला नीटनेटकं लागतं."

सटवा झाडावर चढला, तो ऊन उतरल्यावर खाली आला. सासऱ्याच्या घरी आला तो ओरडतच, "मामा! पाच पानं! एका देठाला पाच!"

सासऱ्यानं टोपी सारखी करून हात जोडले. सगुणेनं गाठोडं काखेत मारलं. सटवानं ओलं फडकं उलगडलं.

आत तीन पानं.

"आणि दोन?"

"ती जास्तीची होती. खुडून टाकली."

सासरा मटकन खाली बसला. "अरे मेल्या, हयात गेली माझी! असा देठ आता पुन्हा कुठं मिळायचा?"

सटवाला त्याची दया आली.

"मामा, जिवाला लावून घेऊ नका. ती अख्खी फांदीच तसली होती. मी पार शेंड्यापर्यंत सगळी नीट करून आलोय. आता वावगा देठ औषधालाही सापडायचा नाही!"

सगुणेनं काखेतलं गाठोडं परत खुंटीला अडकवलं.