रंगू सायकल आणि हिरवा पट्टा

गाड्यांना बोलता येत होतं आणि मतही देता येत होतं, त्या काळातली ही गोष्ट. खैरवाडी गावात दुधाच्या किटल्या वाहणारी रंगू सायकल राहायची. मोठ्या गाड्यांनी रेटल्यामुळे त्या वर्षी ती तीनदा गटारात पडली होती.

ग्रामपंचायतीची निवडणूक आली. धोंडूदादा ट्रक उमेदवार होता. "रंगूताई, तुमच्यासाठी वेगळी वाट करतो," तो म्हणाला आणि खरोखरच त्याने रस्त्याच्या कडेला हिरवा पट्टा रंगवून घेतला. नारळ फुटला, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी रंगू हौसेने निघाली, तर पट्ट्यावर दादाच्याच प्रचाराच्या जीपा ओळीने उभ्या!

"दादा, आता मी कुठून जाऊ?"

"निवडणुकीपुरतं सांभाळून घ्या ना, ताई. तुमच्याच पट्ट्याचा प्रचार चाललाय!"

मतदानाच्या दिवशी रंगू आणि तिच्या चाळीस मैत्रिणी रस्त्याच्या मधोमध, रमतगमत केंद्राकडे निघाल्या. मागे धोंडूदादा अडकला. केंद्र बंद व्हायला दहाच मिनिटं उरली होती आणि त्याचं स्वतःचं मत अजून द्यायचं होतं. हॉर्न वाजवून त्याचा घसा बसला.

"अहो ताई, बाजूला व्हा की!"

"कशी होऊ, दादा? बाजूला तुमचीच मंडळी उभी आहेत."

धोंडूदादा जीपांवर खेकसला, "हटा रे मेल्यांनो! पट्टा मोकळा करा!"

जीपा पळाल्या. सायकली घंट्या वाजवत पट्ट्यावर गेल्या. शेजारून जाताना धोंडूदादाने हळूच विचारलं, "ताई, मत आम्हालाच ना?"

"पाच वर्षं पट्टा असाच मोकळा ठेवा," रंगू म्हणाली, "मग सांगते."