जुन्या सेन्सरचं टोक

"मग भागाक्कांना कोण सांगणार, बुवा? तुम्ही की मी?"

मठाच्या जुन्या व्हॅनखालून हेरंबचा आवाज आला. निरंजनबुवा शेजारच्या दगडावर बसून त्याला एकेक पाना देत होते.

"काय सांगायचं?"

"आता गावी जा म्हणून. वास कळत नाही त्यांना. परवा आमटी करपली, काल दूध. उद्यापासून नवी बाई येतेय. एका चुलीपाशी दोघी कशाला?"

मठाची चूल कित्येक वर्षं भागाक्काच सांभाळत होत्या. त्यांचं गावी कुणी उरलं नव्हतं, हे हेरंबलाही ठाऊक होतं.

"गाडीचं काय बिघडलंय रे?"

हा प्रश्न हेरंबला आवडला. मठात येण्याआधी तो इंजिनिअर होता.

"ऑक्सिजन सेन्सर. गाडीचं नाकच म्हणा. धूर हुंगून इंजिनला सांगतो, पेट्रोल जास्त होतंय की कमी. नाक गेलं, म्हणून गाडी उगाच पेट्रोल पितेय."

"म्हणजे आपल्या भागाक्काच की!"

हेरंब गाडीखाली खो-खो हसला. "तेच तर म्हणतोय मी!"

जुना सेन्सर काढून तो बाहेर आला. नव्याची पुडी फोडली.

"महाग असेल?"

"कंपनीचा महागच. हा कुठल्याही गाडीला चालतो, म्हणून स्वस्त. फक्त ह्याच्या तारांना गाडीत जोडायचं टोक नसतं."

त्याने जुन्या सेन्सरच्या तारा कापल्या. शेवटचं प्लास्टिकचं टोक जपून बाजूला काढलं आणि नव्याच्या तारांना जोडू लागला.

बुवा वाकून पाहू लागले.

"जुना तर गेला म्हणालास..."

"नाक गेलंय. टोक चांगलं आहे. गाडी ह्याच टोकाला ओळखते, बुवा. हे फेकलं तर नवा नुसता लोंबकळत राहील."

"असं होय..."

नवा सेन्सर बसला. इंजिन एका लयीत चालू लागलं. हेरंब ऐटीत हात पुसू लागला.

तेवढ्यात भागाक्का चहा घेऊन आल्या.

"हा तुझा, बिनआल्याचा. करपट नाही ना लागत? मला मेलीला हल्ली काही कळत नाही..."

हेरंबने घोट घेतला. चहाला करपलेल्या दुधाचा वास होता. त्याची नजर जुन्या तारांच्या तुकड्यांवर गेली. हातातलं फडकं तसंच राहिलं.

"नाही, आक्का... छान झालाय."

बुवांनी आपला कप उचलला.

"आक्का, उद्या एक पोरगी येतेय स्वयंपाकाला. तिचा पाट तुमच्या शेजारीच मांडा. आपली चूल अजून तिला ओळखत नाही."