धोंडाई परटिणीचे घर पावन झाले

निवांत महाराज त्या उन्हाळ्यात सावळघाटला मारुतीच्या देवळात उतरले होते. गावावर तेव्हा पाण्याचे संकट होते. ओढा आटला, जुनी विहीर तळाला गेली. सगळ्यांनी राबून नवी विहीर खणली, तिला पाणीही लागले; पण ते इतके खारट की घोटभर घशाखाली उतरेना. गावातले विद्वान नरहरशास्त्री म्हणाले, "विहीर विधीने पावन करू, पाणी सुधारेल." नाही सुधारले तर गाव सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते.

विधीच्या दिवशी सकाळी धोंडाई परटीण महाराजांच्या दर्शनाला आली. विधवा बाई. गावाचे कपडे धुऊन पोट भरायची आणि धुता धुता महाराजांचे नाव घ्यायची. पायरीखालूनच हात जोडून ती म्हणाली, "म्हाराज, येकडाव माझं घर पावन करा."

शेजारी बसलेले शास्त्रीबुवा हसले. "धोंडे, पावन म्हणजे काय ते ठाऊक आहे का तुला? 'पू' धातूपासून झालेला शब्द आहे तो. पू म्हणजे शुद्ध करणे. त्याला मंत्र लागतो, सोवळे लागते. तुझ्या कपडे उकळायच्या भट्टीच्या धुराने महाराजांचे डोळे तेवढे पावन होतील."

मंडळी हसली. धोंडाईने मान खाली घातली. आपण भलतेच बोलून बसलो, असे तिला वाटले.

महाराज म्हणाले, "शास्त्रीबुवा, अर्थ बरोबर सांगितलात." मग तिच्याकडे वळून विचारले, "माय, जेवायला काय करशील?"

"पिठलं-भाकर, म्हाराज."

"मग विधी आटोपला की येतो."

धोंडाई घरी गेली ती जवळजवळ धावतच. तिने अंगण सारवले, चूल पेटवली. तिकडे विहिरीवर मंत्रघोष झाला, पंचगव्य शिंपडले गेले. मोठ्या आशेने लोकांनी पाणी चाखले. ते तसेच खारट होते. बायका तिथेच रडू लागल्या.

महाराज ठरल्याप्रमाणे धोंडाईकडे आले आणि मिटक्या मारीत जेवले. मग त्यांनी पाणी मागितले. धोंडाईला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"म्हाराज, घागरीत त्याच विहिरीचं पानी हाय. दुसरं न्हाई घरात."

"आहे ते दे."

तिने तांब्या पुढे केला. महाराज तो घटाघटा प्यायले. "गोड आहे गं."

आपले मन राखायला बोलतात, असे समजून तिने ओंजळभर पाणी तोंडात घेतले. ते खरोखरच गोड होते! तिला रडूही येईना, हसूही येईना.

महाराज म्हणाले, "एकटीच पिणार का? ने ती घागर आणि विहिरीत ओत."

घागर डोक्यावर घेऊन ती निघाली. महाराज मागोमाग. तिला पाहताच शास्त्रीबुवा आडवे आले. "परटिणीची घागर विहिरीत? विहीर बाटेल, महाराज."

"जे पाणी कुणाला पिववत नाही, ते आणखी काय बाटणार?" महाराज हसून म्हणाले. "शुद्ध करणे म्हणजे पावन करणे, असे तुम्हीच सांगितलेत ना? ही माय जन्मभर साऱ्या गावाचा मळ काढत आली. आज विहिरीचा काढील. वाट द्या तिला."

शास्त्रीबुवा बाजूला झाले. धोंडाईने महाराजांचे नाव घेऊन घागर उपडी केली. एका म्हातारीने पोहरा सोडला, पाणी ओठांना लावले आणि तिचा सुरकुतलेला चेहरा खुलला. "गोड लागतंय गं बायांनो!" मग एकच झुंबड उडाली. लोक प्यायले, एकमेकांवर पाणी उडवू लागले.

विधीसाठी शास्त्रीबुवांनी पहाटेपासून पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. सर्वांत शेवटी त्यांनी ओंजळ पुढे केली. दोन घोट घेतले आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी महाराजांचे पाय धरले.

महाराजांनी त्यांना उठवले. "बोललात तिला, आणि नमस्कार मला?"

तेव्हा शास्त्रीबुवा धोंडाईसमोर गेले आणि हात जोडून वाकले. "बाई, मला क्षमा करा."

धोंडाई ओशाळली. तिने पोहरा उचलला आणि म्हणाली, "उपाशीपोटी हाय तुमी. आजून घ्या पानी." शास्त्रीबुवांनी पुन्हा ओंजळ धरली आणि ती वरून धार सोडत राहिली.