चाळीस पावलांचा वाटा

फार जुन्या काळी नदीकाठच्या बांधात उंदरांचं एक लांबलचक बीळ होतं. तिथे कुणीही कुणाच्या वाट्यात शिरे. भांडणं वाढली, तेव्हा उंदरांनी दारावर साळिंदर बसवलं. ते प्रत्येकाचा बिल्ला पाही आणि पाटीवर बघे, की याचा वाटा कुठून सुरू होतो आणि किती पावलांचा आहे.

म्हातारा धोंडबा उंदीर भडकला. "हे बीळ मी या दातांनी कोरलंय. मलाच बिल्ला मागतोस?"

"मागणारच, आजोबा. बाभळीच्या मुळापासून चाळीस पावलं तुमची."

धोंडबा तणतणत गेला आणि त्यानं मुद्दाम एक्केचाळिसावं पाऊल उचललं. लगेच मागोमाग आलेल्या साळिंदराचे काटे आडवे आले.

"एका पावलानं काय आभाळ कोसळतं का रे?"

"पुढे कमळी उंदरणीचा वाटा, तिथे तिची पिल्लं आहेत. अजून डोळेही उघडले नाहीत त्यांचे."

"मी काय पिल्लं खाणार आहे?"

"तुम्ही नाही. पण दारात घूस उभी आहे. तुम्हाला सोडलं, तर तीही एकच पाऊल मागेल."

धोंडबानं वळून पाहिलं. घूस मिशा चाटत होती. त्यानं पाय मागे घेतला आणि तो तिच्यावर खेकसला, "बघतेस काय? आधी बिल्ला दाखव!"