वाटेत हात केला म्हणून

एकदा एक मंडपवाला आपल्या तीन गाड्यांच्या विम्याचे कागद घेऊन एका वृद्ध गृहस्थांकडे आला. तालुक्याच्या गावी त्याचा व्यवसाय उत्तम चालला होता. लग्नसराईत त्याचे दोन टेम्पो आणि एक पिकअप एक दिवसही रिकामे उभे राहत नसत. वृद्ध गृहस्थांना गाव हिरेमठ सर म्हणून ओळखत असे. चौतीस वर्षे त्यांनी विमा कंपन्यांसाठी अपघातांचा तपास केला होता. जागेवर जायचे, गाडी पाहायची, जखमी माणसांशी बोलायचे आणि दाव्यात तथ्य किती आहे याचा अहवाल लिहायचा, हे त्यांचे काम. निवृत्तीनंतर ते कोणाचा विमा उतरवत नसत, पण कोणी सल्ला विचारायला आले तर त्याला परतही पाठवत नसत.

त्यांच्याकडे प्रणिता नावाची एक तरुणी शिकायला येत असे. विमा एजंटाची परीक्षा ती नुकतीच उत्तीर्ण झाली होती. मंडपवाला हा तिचाच ग्राहक, आणि तिला मिळालेला पहिला मोठा व्यापारी. त्याची एकच अट होती. सरांनी होकार दिला की तो सही करणार होता. जुन्या विम्याची मुदत दहा दिवसांनी संपत होती.

प्रणिताने तीन कंपन्यांच्या दरांचा तक्ता करून आणला होता. तो समोर ठेवून तिने व्यापाऱ्याला पुन्हा एकदा समजावून सांगितले.

"थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे. आपल्या गाडीमुळे रस्त्यावरच्या दुसऱ्या कोणाला इजा झाली, तर त्याची भरपाई त्यातून होते. पण आपलीच गाडी मोडली, तर त्यातून काही मिळत नाही. त्यासाठी पॅकेज पॉलिसी घ्यावी लागते. तुमचे टेम्पो जुने आहेत, त्यांना थर्ड पार्टी पुरेल. पिकअप नवी आहे, तिला पॅकेज घ्या. आणि तिन्ही कंपन्यांत ही मधली तुम्हाला स्वस्त पडेल."

सांगणे स्वच्छ होते. व्यापाऱ्याने मान हलवली आणि सरांकडे पाहिले. सरांनी सगळे लक्षपूर्वक ऐकले होते, पण तक्त्याला हात लावला नव्हता.

"शेठ, तुमच्या गाड्या सकाळी किती वाजता निघतात?" त्यांनी विचारले.

"सातला. उद्या बारा किलोमीटरवर एका लग्नाचा मंडप घालायचा आहे."

"मग उद्या आम्ही दोघं येतो."

दुसऱ्या दिवशी सातच्या आधीच सर प्रणिताला घेऊन गोदामाशी पोहोचले. मोठ्या टेम्पोत लोखंडी पाइप, बांबू आणि कनातींच्या गुंडाळ्या भरून झाल्या होत्या. ड्रायव्हरशेजारी दोन माणसे बसली. उरलेली आठ मागे, सामानावर चढली. त्यांत झालरी लावणाऱ्या दोन बायका होत्या, आणि पन्नाशी उलटलेले एक गृहस्थ होते, ज्यांना सगळे मामा म्हणत. मंडपाचे दोर बांधण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

व्यापारी आपल्या कारचे दार उघडून उभा होता. "या सर, पुढे बसा."

"तुम्ही कारने मागून या," सर म्हणाले. "मी टेम्पोत बसतो."

व्यापाऱ्याला वाटले, सर ड्रायव्हरशेजारी बसतील. पण त्र्याहत्तर वर्षांचा तो माणूस मागच्या फळीला धरून, चाकावर पाय देऊन वर चढला आणि कनातींच्या गुंडाळीवर जाऊन बसला. प्रणिता संकोचली. गल्लीतले लोक पाहत होते. तिला या प्रकाराचा अर्थ लागेना. तक्ता पाहायचा सोडून सर सामानावर का जाऊन बसले? पण तीही त्यांच्या मागोमाग चढली. त्या बायकांनी सरकून तिला जागा करून दिली.

गाव सुटले. पहिल्या मोठ्या वळणावर पाइपांची रास एका बाजूला सरकली आणि आठही माणसांनी एकाच क्षणी आपले पाय वर उचलले. कोणी कोणाला सांगितले नाही, कोणाचे बोलणेही थांबले नाही. प्रणिताला शेजारच्या बाईने मागे ओढले. सरांचे पाय तेवढे खालीच राहिले होते. मामांनी वाकून ते उचलले आणि पाइप पुन्हा जागेवर आल्यावर हलकेच खाली ठेवले.

"सवय नाही तुम्हाला," मामा म्हणाले.

"रोज असंच होतं?"

"या वळणाला होतंच. मग पुढे एक उतार आहे, तिथं."

थोड्या वेळाने मामा सरांच्या कानाशी आले. "आजोबा, पुढे नाका आहे. गाडी थांबवून कोणी विचारलं, तर सांगायचं की वाटेत हात केला म्हणून बसलो. ताईंनापण सांगून ठेवा."

"तुम्ही सगळे असंच सांगता?"

"हो. मालकांना उगाच त्रास नको."

"तुम्ही किती वर्षं आहात त्यांच्याकडे?"

"अकरा झाली," मामा म्हणाले.

त्या दिवशी नाक्यावर गाडी कोणी थांबवली नाही. लग्नघरापुढच्या मोकळ्या जागेत टेम्पो उभा राहिला. सगळे उतरले आणि पाठोपाठ व्यापाऱ्याची कार आली. सरांनी त्याला बाजूला बोलावले. मामांनाही बोलावले, आणि वाटेत सांगितलेले मालकांसमोर पुन्हा सांगायची विनंती केली. मामा घोटाळले. त्यांनी मालकांकडे पाहिले.

व्यापारी हसला. "सांगा ना, त्यात काय. मीच शिकवलंय सर यांना. कामगार आहोत म्हटलं की दहा चौकशा सुरू होतात. किती जण, कशावर बसलेत, परवानगी आहे का. कोणाला रस्त्यातून बसवून घेतलं म्हटलं की तंबी देऊन सोडून देतात."

मामा कामाला निघून गेले. सर तिथल्याच एका खुर्चीवर बसले आणि सावकाश बोलू लागले.

"शेठ, अपघात झाला की विमा कंपनी एक माणूस पाठवते. तो दवाखान्यात जखमीच्या खाटेजवळ जातो आणि विचारतो, तू त्या गाडीत का बसला होतास? चौतीस वर्षं हा प्रश्न मी विचारत होतो. एकदा फरशी वाहणाऱ्या ट्रकवरचा एक हमाल होता. कमरेखाली त्याला काही जाणवत नव्हतं. त्यानं मला सांगितलं, वाटेत हात केला म्हणून बसलो होतो. त्याच्या नखांत फरशीची पांढरी भुकटी होती. तो हमाल आहे हे मला दिसत होतं. पण त्यानं सांगितलं ते मी लिहून घेतलं आणि खाली त्याचा अंगठा घेतला."

व्यापाऱ्याच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले.

"रस्त्यानं चालणारा अनोळखी माणूस तुमच्या विम्याच्या कागदात आहे," सर पुढे म्हणाले. "त्याची सोय कायद्यानंच करून ठेवली आहे. ड्रायव्हर त्यात आहे. गाडीवर कामाला असलेला माणूसही त्यात येतो, पण तुमचा कामगार म्हणून येतो, आणि गाडीच्या नोंदणीपुस्तकात जेवढ्यांची जागा लिहिली आहे तेवढाच. माल वाहायच्या गाडीत हात करून बसलेला पाहुणा त्या कागदात कुठे सापडत नाही. आज तुमच्या गाडीत मागे असे आठ पाहुणे होते. मी नववा, ही दहावी. या मुलीनं तक्ता चांगला केला आहे. पण तुमच्या गाडीत काय असतं हे तिनं तुम्हाला विचारलं, तेव्हा तुम्ही काय सांगितलं असेल?"

"बांबू आणि कनाती," प्रणिता हळूच म्हणाली.

व्यापाऱ्याने उभ्या टेम्पोकडे वळून पाहिले. मग त्याने विचारले, "म्हणजे मी जास्त हप्ता भरू, असंच ना?"

"हप्ता भरून पाइपांवर आठ माणसं बसवण्याची परवानगी मिळत नाही. तशी पॉलिसी कोणीच देणार नाही."

"मग मी काय करू? माणसं चालत येतील का?"

"ते तुम्ही ठरवायचं. ते ठरल्यावर कोणता विमा घ्यायचा हे ही मुलगी तुम्हाला सांगेल. त्याआधी तिला सांगता येणार नाही."

व्यापाऱ्याला हे रुचले नाही. सल्ला विचारला होता कागदांविषयी, आणि हा माणूस त्याच्या धंद्याची रीतच बदलायला सांगत होता. त्याने कोरडा नमस्कार केला आणि तो मंडपाच्या कामाकडे वळला. परत सोडण्याविषयी तो काही बोलला नाही. सर आणि प्रणिता फाट्यापर्यंत चालत गेले आणि एसटीची वाट पाहत थांबले.

"सर, ग्राहक गेला," प्रणिता म्हणाली. तिच्या स्वरात तक्रार नव्हती, पण दुःख होते.

"गेला असेल," सर म्हणाले.

"त्या हमालाचं पुढे काय झालं?"

सर रस्त्याकडे पाहत म्हणाले, "माझा अहवाल गेला. दावा नामंजूर झाला. त्याच्या घरच्यांनी वकील केला होता असं ऐकलं. पुढचं मला माहीत नाही. मी विचारलं नाही."

एसटी आली. दोघे चढले.

त्यानंतर सहा दिवस व्यापाऱ्याकडून काही निरोप नव्हता. एका दुसऱ्या एजंटाने त्याच्या गोदामाच्या चकरा सुरू केल्या आहेत, असे प्रणिताच्या कानावर आले. सातव्या दिवशी सकाळी व्यापारी स्वतःच सरांच्या घरी आला. प्रणिता तिथेच होती. तो बसला, पाणी प्यायला आणि कोणी काही विचारण्याआधीच सांगू लागला.

"परवा मी टेम्पोत मागे बसून गेलो. म्हटलं, सरांना जे दिसलं ते आपल्याला का दिसत नाही, ते पाहू. नाक्यावर गाडी थांबवली. हवालदारानं एकेकाला विचारलं, तू कोण, तू कोण. सगळ्यांनी शिकवलेलं सांगितलं. मग तो माझ्याकडे वळला. मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, यांनीपण वाटेतच हात केला, साहेब."

खोलीत कोणी हसले नाही.

"त्यांनी मला सांभाळून घेतलं, सर. त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. पण मी माझ्याच गाडीत बसलो होतो, आणि त्या घडीला मी कोणीच नव्हतो. पुढचा उतार आला तरी माझ्या मनातून ते जाईना."

मग त्याने काय ठरवले ते सांगितले. माणसांसाठी त्याने मोसमभर एक प्रवासी जीप भाड्याने घेतली होती. तिचा विमा तिच्या मालकाच्या नावावर होता, पण तो कागद व्यापाऱ्याने स्वतः मागून वाचला होता. भाड्याने प्रवासी नेण्याचा परवाना होता, आणि ड्रायव्हर धरून दहा जणांची जागा त्यात लिहिली होती. टेम्पोत यापुढे ड्रायव्हर आणि पुढच्या बाकावर दोन कामगार एवढेच बसणार होते. खर्च वाढला होता. दर वाढवावे लागल्यामुळे दोन लग्नांची कामे हातची गेली होती, आणि ते सांगताना त्याला वाईट वाटत होते हे त्याने लपवले नाही.

सर प्रणिताकडे वळले. "आता तू सांग."

प्रणिताने जुना तक्ता काढला नाही. तिने एकेका गाडीविषयी विचारायला सुरुवात केली. कोणती गाडी जिल्ह्याबाहेर जाते, चालवणाऱ्याचा परवाना त्याच प्रकारच्या गाडीचा आहे का, गाडीवर किती कामगार असतात, गाडी महिनाभर बंद राहिली तर काम अडते का. मोठा टेम्पो जुना असला तरी सगळा मंडप त्याच्यावरच अवलंबून होता, म्हणून तिने त्याला पॅकेज पॉलिसी सुचवली. कामगारांची संख्या अर्जात लिहिली. जनरेटर आणि मंडपाचे सामान या विम्यात येत नाही, त्याचा विमा वेगळा असतो, हेही तिने सांगितले. तासाभराने जी कंपनी निवडली गेली ती मधली नव्हती. व्यापाऱ्याने सही केली.

"कामगार तुमच्याकडे कामाला आहेत याचा तुमच्याजवळ काही पुरावा आहे का?" तिने शेवटी विचारले. "हजेरीपुस्तक वगैरे?"

नव्हते. त्याच संध्याकाळी गोदामाच्या दारात टेबल टाकून व्यापाऱ्याने नवे हजेरीपुस्तक उघडले. प्रणिता शेजारी बसली होती. एकेक जण पुढे येत होता. आता कोणी विचारले तर इथे कामाला आहे असेच सांगायचे, हे व्यापारी प्रत्येकाला समजावत होता. माणसे मान हलवत होती, पण थोडी बिचकलेली दिसत होती.

मामांची पाळी आली. व्यापाऱ्याने लेखणी टेकवली आणि तो अडला.

"मामा, तुमचं पूर्ण नाव काय हो?"

"रामलिंग शिवाप्पा गवंडी."

व्यापाऱ्याने नाव लिहिले. मामांना वाचता येत नव्हते. तरी ते टेबलावर दोन्ही हात टेकून वाकले, आणि शाई वाळेपर्यंत त्या ओळीकडे पाहत राहिले.