गुणाजीनं राखलेली ज्वारी

एका गावात गुणाजी नावाचा एक भोळा गडी होता. आईबाप नव्हते, आत्यानं वाढवलं. आत्याचं शेत एवढंसं. त्यातल्या ज्वारीवरच दोघांची वर्षभराची भाकरी. कणसं भरली, पाखरं घिरट्या घालू लागली. आत्यानं गुणाजीच्या हातात गोफण दिली आणि त्याला शेतातल्या माळ्यावर चढवलं.

पहिल्या दिवशी तो उपाशीच गेला. दुपारी हात वर होईना. पाखरांनी बांधाकडची कणसं साफ केली.

आत्या म्हणाली, "कामाला हात लावायच्या आधी पोटात काहीतरी घालावं, बाबा!"

दुसऱ्या दिवशी गुणाजीनं गोफणीत दगड घातला. हे काम. म्हणून आधी भाकरीचा घास घेतला. नीट चावला. मग दगड मारला. पुन्हा दगड, पुन्हा आधी घास. तो चावायचा तेव्हा पाखरंही चावायची.

"सारखा काय चरतोस, मेल्या? सकाळी एकदाच पोटभर खा आणि कामाला लाग!"

तिसऱ्या दिवशी त्यानं टोपलीतल्या सगळ्या भाकऱ्या, पातेलंभर पिठलं आणि तांब्याभर ताक संपवलं. माळ्यावर चढला आणि घोरू लागला. आत्या आली तेव्हा एक साळुंकी त्याच्या पोटावर बसून मिशीतलं पिठलं टिपत होती.

"अरे, तट्ट जेवल्यावर झोप येणारच! जागं राहायचं तर बेतानं खावं."

"तट्ट जेवलं की कुणालाही झोप येते?"

"कुणालाही! माणूस असो, बैल असो, डोळा लागतोच."

"पाखरू असलं तरी?"

"त्याला काय पोट नसतं? जा आता, डोकं खाऊ नकोस!"

चौथ्या दिवशी आत्या शेतावर आली तर गोफणीचा आवाज नाही. बांधावर गावभरची पाखरं ओळीनं दाणे टिपत होती. गुणाजी वाकून वाढत होता.

"शूऽऽ! हळू बोल, आत्या. शेवटची पंगत आहे. जेवली की झोपतील."

"वाढतोयस काय?"

"घरातलं ज्वारीचं पोतं आणलं होतं. ते पहिल्याच पंगतीला संपलं. मग शेतातली कणसं खुडली. सगळी. एक चिमणी उपाशी ठेवली नाही बघ!"

आत्यानं शेताकडे मान वळवली. समोर ज्वारीची नुसती बिनकणसाची ताटं उभी होती.

गुणाजी हात झटकत म्हणाला, "आता या शेतात एक पाखरू फिरकलं तर माझं नाव बदल!"

आणि खरंच, त्या हंगामात आत्याच्या शेतात एकही पाखरू फिरकलं नाही.