न विरघळणारी खपली

एकदा एक तरुण डॉक्टरीण त्वचारोगांच्या एका वृद्ध डॉक्टरांकडे शिकायला येऊन राहिली. खाडीकाठच्या मिठागरांना लागून त्यांचा दवाखाना होता. दोन बाकं, एक टेबल आणि कोपऱ्यात पाण्याचा माठ, एवढाच त्याचा थाट. ही तरुणी, मंजिरी, मोठी परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण होऊन आलेली. हुशार होती, आणि आपण हुशार आहोत हे तिला पुरतं ठाऊक होतं. त्या दुखण्यावर अजून मलम निघालेलं नाही. म्हाताऱ्या डॉक्टरांना सारा गाव भाऊ म्हणे, म्हणून तीही भाऊच म्हणू लागली.

त्या मिठागरांत एक जुनी रीत होती. नवा माणूस पहिल्या मोसमात उघड्या पाठीने फावडं ओढी. वरून ऊन, खालून पाण्याची आणि पांढऱ्या मिठाची चकाकी. दोन दिवसांत पाठ भाजे, फोड येत, आठवड्याभरात कातडीचे पापुद्रे सुटत. मग जुनी माणसं हसत म्हणत, "कात टाकली. आता हा आगराचा झाला." ज्यांची पाठ आता सोलवटत नसे ते स्वतःला पक्के समजत, आणि सगळ्यांत पक्का समजला जाई तो मुकादम जोमा. चाळीस वर्षं तो त्या बांधांवर उभा होता.

एका भर दुपारी हाच जोमा आपल्या नव्या जावयाला, हरेशला, घेऊन दवाखान्यात आला. हरेश डोंगराकडचा, मिठाच्या कामाला नवखा. सासऱ्यांसमोर सदरा घालून कसं राबायचं, म्हणून बिचारा चार दिवस उघडा राबला होता. पाठ लालबुंद, फोडांनी भरलेली. बाकावर पालथा पडून तो कण्हत होता.

"जावईबापूंना बगा भाऊ," जोमा दाराला टेकून म्हणाला. "कात टाकतायत. पन जरा जास्तच टाकतायत."

मंजिरी लगबगीने पुढे झाली. भाऊंनी मात्र पाठीवर एकदाच नजर फिरवली. "थंड पाण्याच्या घड्या ठेव. फोड फोडू नकोस. साधं मलम लाव, पाणी भरपूर पाज. आणि पाठ भरून आली तरी सदऱ्याशिवाय उन्हात जायचं नाही," ते म्हणाले. मग गुडघ्यांवर हात टेकत उठले, माठातून तांब्या भरून घेतला आणि थेट जोमापाशी जाऊन त्याचा उजवा कान धुऊ लागले.

हरेश कण्हायचा थांबला आणि मान वळवून बघू लागला.

"अवो भाऊ, दुखतंय जावयांना. माजा कान का धुताय?"

"काहीतरी पांढरं चिकटलंय."

"मीठ हाये ते. आगराच्या मान्साच्या कानावर मीठ नाय तं काय साखर आसल? रोज सांजेला नखानं काढतो. दोन दिसांनी परत बसतं."

एक तांब्या संपला. त्यांनी दुसरा भरला, मग तिसरा. ओल्या फडक्याने कानाची कड ते इतक्या हळुवारपणे टिपत होते, की जणू तान्ह्या बाळाला न्हाऊ घालत आहेत. मंजिरीला मनातून लाज वाटू लागली. म्हातारपणी माणसं अशी होतात, असंही तिला वाटून गेलं.

"जोमा, मीठ पाण्यात विरघळतं ना रे?"

"ह्यो काय सवाल झाला?"

"तीन तांबे ओतले. ही खपली विरघळली नाही." त्यांनी फडकं पुढे केलं. त्यावर रक्ताची बारीक रेघ होती.

मग टेबलाशी बसून त्यांनी शहरातल्या मोठ्या रुग्णालयासाठी चिठ्ठी लिहिली. "उद्याच जायचं. तुकडा काढून तपासतील."

जोमाने चिठ्ठी घेतली आणि घडी घालून खिशात टाकली. "दुखत नाय, खुपत नाय. पाऊस यायच्या आत मिठाच्या राशी झाकू दे, मंग जातो. दोन म्हैन्यांचा तं सवाल हाये."

आता मात्र मंजिरीला राहवेना. "भाऊ, एवढ्या वेदनेत असलेल्या माणसाला चार वाक्यं, आणि ज्याची काही तक्रारच नाही त्याला तीन तांबे?"

भाऊंनी खुर्ची तिच्याकडे वळवली, पण आवाज दारापर्यंत जाईल इतका ठेवला.

"बाई, कातडीची पेशी न् पेशी आपल्या पोटात एक लेख बाळगून असते. कसं वाढायचं, किती वाढायचं आणि कुठे थांबायचं, हे त्यात लिहिलेलं असतं. उन्हातला एक किरण डोळ्यांना दिसत नाही, त्याला आपण अतिनील म्हणतो. तो ह्या लेखातली अक्षरं बिघडवतो. पेशी आधी ती दुरुस्त करू पाहते. नाहीच जमलं, तर बिघडलेला लेख पुढच्या पिढीच्या हाती द्यायला नको म्हणून ती आपणहून मरते. ह्या पोराच्या पाठीवर आज अशा लाखो पेशी मेल्या आहेत. म्हणून ती पाठ सोलवटते. त्याला दुखतंय ह्याचं मला वाईट वाटतं, पण त्या पाठीला स्वतःची राखण अजून करता येते आहे."

"म्हणजे भाजणं चांगलंच?"

"छे. दर भाजण्यात एखादी पेशी निसटते. जिथे 'थांब, मर' असं लिहिलेलं असतं नेमकी तीच ओळ तिची बिघडते. ती मरायचं नाकारते आणि आपल्यासारख्या पुष्कळ जन्माला घालते. तिला कसली घाई नसते, आणि सुरुवातीला ती दुखतही नाही. माणूस तिला मीठ समजून रोज खरवडत बसतो. आत्ता ती एवढीशी आहे, कानाच्या कडेसकट काढता येईल. मुळं खोल गेली की माझ्या चिठ्ठीचा काही उपयोग नाही."

जोमाचा हात कानाकडे गेला आणि तिथेच थांबला. आयुष्यात पहिल्यांदाच तो घाबरला होता, आणि ते लपवायचंही त्याला सुचलं नाही.

"भाऊ," तो म्हणाला, "मिठाच्या एका वाफ्यात चिखल घुसला तं आमी बांध फोडून आख्खा वाफा खाडीला सोडतो. म्हैन्याची मेहनत जाते. जीव तुटतो, पन नाय सोडला तं शेजारचं मीठबी काळं पडतं. कोनी सोडाया कां कू केली का मी त्याला शिव्या घालतो." त्याने खिशातली चिठ्ठी बाहेर काढली. "सकालची पैली गाडी किती वाजता हाये?"

सासरा-जावई गेले. मंजिरीने हळूच विचारलं, "भाऊ, तुम्हाला पाहताक्षणी कसं कळलं?"

"माझे वडील ह्याच आगरात होते. त्यांच्या कानावर असंच मीठ असायचं. मी शहरात डॉक्टरकी शिकत होतो. सुट्टीत यायचो, त्यांच्या शेजारी जेवायला बसायचो. तीन सुट्ट्या मी ते मीठच समजलो."

मंजिरीने मान खाली घातली. जोमा दारात आला तेव्हा ती खपली तिलाही दिसली होती. तिनेही मनातल्या मनात मीठच म्हटलं होतं.

पुढच्या मोसमात गुरू-शिष्या दोघं एका संध्याकाळी आगरावर गेली. बांधावर जोमा बसला होता. उजव्या कानाची वरची कड आता नव्हती, बाकी माणूस तसाच खणखणीत होता. शेजारी गोड्या पाण्याचा हंडा होता. काम संपवून येणारा प्रत्येकजण आधी त्याच्यापुढे वाकून कान, मान, कपाळ धुऊन घेत होता, आणि मुकादम एकेकाचं तोंड उजेडाकडे वळवून निरखत होता. सगळ्यांच्या अंगात लांब बाह्यांचे सदरे होते. हरेशही त्यांत होता.

"कात टाकायची रीत मोडली वाटतं," भाऊ म्हणाले.

"मोडली. आता सदरा घालनारा आगराचा."

परतताना खाडीचा खारा वारा तोंडावर येत होता. दवाखान्यात पोहोचताच मंजिरीने माठातून तांब्या भरला. "भाऊ, खाली बसा."

"अगं, मला काय झालंय?"

"तुमचंही बालपण त्याच बांधांवर गेलंय. तुमचा कान आजवर कुणी धुतला?"

भाऊंनी खुर्चीत बसून मान झुकवली. त्यांच्या कानाच्या पाळीवर एक बारीकसा पांढरा ठिपका होता. मंजिरीने श्वास रोखून पाणी ओतलं, फडक्याने टिपलं, दिवा जवळ घेऊन पुन्हा पाहिलं.

"मीठच होतं," ती म्हणाली. मग तिने दुसरा तांब्या भरला आणि त्यांचा दुसरा कान धुवायला घेतला.